सूट फक्त भोकांना

नमुन्यासाठी जमिनीत चार-दोन लहान भोकं पाडायची असली, तर लांबलचक पर्यावरण-तपासणीतून सूट मिळते. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या एका सरकारी कचेरीत ही सूट मार्लीन टोस्ट्रुड द्यायची. जागा पायाखाली घातल्याशिवाय मात्र ती सही करत नसे.

या वेळी प्रश्न म्हाताऱ्या ओपल हेंड्रीच्या विहिरीचा होता. वरच्या जुन्या खाणीतून काहीतरी झिरपत असावं. पाण्याला गंजाची चव येऊ लागली होती. बर्फ वितळून त्याचं पाणी मिसळायच्या आत नमुने घेतले तरच खरं कळणार होतं. सूट नाकारली तर लांबलचक तपासणीत म्हातारीचं वर्ष गेलं.

"ताटाएवढी भोकं, बाई," भूगर्भतज्ज्ञ कर्टिस यँडेल म्हणाला. "याहून मोठी बिळं उंदरं पाडतात."

"उंदरं ट्रक घेऊन येत नाहीत," मार्लीन म्हणाली. बोरिंगची गाडी जिथून येणार, तो रस्ता ती चालून तपासत होती. झुडपांमधल्या मोकळ्या जागी ती वाकली. माती तुडवलेली, जागोजाग पिसं नि विष्ठा. माळावरचे रानकोंबडे दर वसंतात पहाटे इथेच छाती फुगवून नाचायचे. जागा मोडली की ते पांगतात.

कर्टिसनं कपाळाला हात लावला. "झालं. कोंबड्यांपायी ओपलबाईंनी गंज प्यायचा."

"माझ्या नावानं रडू नकोस रे," कुंपणाला टेकलेली ओपल म्हणाली. "मला कोंबडेही हवेत आणि पाणीही. बघ पोरी, जमतंय का."

"पाणी किती खोल?" मार्लीननं विचारलं.

"फार तर दोन पुरुष," कर्टिस म्हणाला.

"मग गाडी हवी कशाला? हातगिरमिट चालवा. ओपलबाईंच्या कुंपणाकडून पायी यायचं, तेही दुपारी, पक्षी उठून गेल्यावर."

"आणि खडक लागला तर?"

"बाजूला सरकायचं."

"सामान कोण वाहणार?"

"माझी खेचरं," ओपल म्हणाली. "तुझ्यापेक्षा कमी कुरकुरतात."

मार्लीननं जीपच्या बॉनेटवरच अटी लिहून सही ठोकली.

"साहेब विचारतील हं," कर्टिस म्हणाला.

"विचारू देत. नियम मला पाठ आहे, जागाही बघितलीय."

पुढच्याच आठवड्यात गिरमिट फिरलं. पहिल्या दोन भोकांत खडक लागला. कर्टिसनं मार्लीनकडे पाहिलं, ती नुसती बाजूला सरकली. तिसऱ्यातून चिखल आला, मग पाणी. बाटली उन्हात धरली तर पाणी तांबूस दिसलं.

"मिळालं," कर्टिस म्हणाला आणि घाम पुसत चौथं भोक आखू लागला.