वहिनींनी किल्ली दिली नाही

"ब्रेक मारा वहिनी, ब्रेक!" शेजारी बसलेले दीर ओरडले.

वहिनींनी ब्रेक मारला नाही. उतारावर एक मालट्रक सुसाट शेजारून गेला आणि मागचा नऊ मीटरचा ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला. त्यांनी स्टीअरिंग सरळ, घट्ट धरलं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला. हळूहळू वेग उतरला, ट्रेलर ताळ्यावर आला. मग त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तरी सांगत होतो, ड्रायव्हर करू. हे बाईमाणसाचं काम नाही."

ट्रेलरमध्ये वहिनींच्या नवऱ्याचं ग्लायडर होतं, पंख सुटे करून ठेवलेलं बिनइंजिनाचं विमान. वाऱ्यावर तरंगत तो कुठल्या कुठे जायचा आणि वारा पडला की दिसेल त्या शेतात उतरायचा. तिथून त्याला आणि विमानाला वहिनी घेऊन यायच्या. बावीस वर्षं. पेपरात फोटो मात्र त्याचाच छापून यायचा. गेल्या वर्षी आजारपणात तो गेला. विमान आता सातशे किलोमीटरवरच्या एका क्लबाला द्यायचं होतं.

वहिनींनी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. आत पाण्याचे दोन भरलेले कॅन आणि हत्यारांची पेटी.

"हे कोणी ठेवलं?"

"मीच. एवढी जागा रिकामी होती, म्हटलं..."

"शेपटीला वजन बांधलंत भाऊजी. मग शेपूट हलणारच. उतरवा."

"या उन्हात? मग ठेवू कुठे?"

"पेटी गाडीत. कॅन तुमच्या पायाशी. नाही मावलं तर मांडीवर घ्या."

दिरांनी निमूट सामान हलवलं. वहिनींनी गाडी-ट्रेलरच्या जोडाचा आकडा हाताने हिसडून पाहिला, साखळी पाहिली, चाकं तापलीत का ते तळहात ठेवून पाहिलं आणि त्या निघाल्या. मागून हॉर्न वाजत राहिले, त्यांनी ऐंशीच्या वर काटा जाऊ दिला नाही.

क्लबाचे सेक्रेटरी हसत पुढे आले आणि त्यांनी दिरांचा हात हातात घेतला. "एवढ्या लांबून सुखरूप आणलंत, कमाल केलीत!"

"ट्रेलर मी आणलाय," वहिनी म्हणाल्या. "कागदावर सही माझी घ्या."

सेक्रेटरी ओशाळले. "किल्ली द्या, शेडमध्ये आमचा माणूस लावेल. मागे घ्यायला फार अवघड जागा आहे हो."

वहिनींनी किल्ली दिली नाही. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा होती. एका दमात त्यांनी ट्रेलर आत नेऊन उभा केला. खाली उतरून स्वतःच आकडा सोडला. सेक्रेटरी आणि त्यांचा माणूस बघतच राहिले.

परतताना दिरांनी विचारलं, "आता तरी मी चालवू?"

"नको."

फाटकाबाहेर पहिलंच वळण आलं. ट्रेलर जोडलेला असताना घ्यावं लागतं तसं वहिनींनी गाडी पार पलीकडच्या कडेपर्यंत नेली, आरशात पाहिलं आणि मग सावकाश वळवली. मागे काहीच नव्हतं.