ऑस्टेंटेशियस मालती मॅडम

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात माझ्याच विद्यार्थ्याने माझं नाक कापलं. निलेश आता शाहपुरात केळीचा व्यापार करतो. त्याने दिलेल्या सन्मानचिन्हावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं, 'आमच्या ऑस्टेंटेशियस मालती मॅडमना'.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शब्द लांबलचक होता, म्हणजे चांगलाच असणार. माझ्या जागी आलेल्या गायत्रीने तेवढं ओठ दाबून हसू आवरलं. ऑस्टेंटेशियस म्हणजे दिखाऊ, भपकेबाज. दहाही बोटांत अंगठ्या घालून हातवारे करत बोलणाऱ्याला हा शब्द वापरतात. कौतुक म्हणून कुणी वापरत नाही.

मला चुका सहन होत नाहीत. आमच्या लोधीपुऱ्यात मला पाहून अजूनही काही बाप्ये मनातल्या मनात स्पेलिंग घोकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निलेशला फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं. डिक्शनरी उघडायला हात मोडले होते का, विचारलं. एका शब्दाने माझी सगळी नोकरी पाण्यात घातलीस, असंही म्हणाले. त्याने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि दहावीतल्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला.

ऑस्टेंटेशियसपुढे त्याने 'दिखाऊ' लिहिलं होतं. ते लाल शाईने खोडून बाजूला 'शानदार' लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं. खाली माझी सही आणि 'शब्दार्थ नीट पाठ करणे' असा शेराही होता.

मला लाज वाटली. खरा अर्थ मला पुढे कधीतरी कळला असणार, पण त्याआधी किती वर्षं, किती मुलांना मी हेच शिकवलं, त्याचा अंदाज लागेना. पुन्हा फोन केला आणि खरा अर्थ तुला माहीत होता का, विचारलं.

"मालूम होता, मॅडम. तेव्हा बी मालूम होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्यासमोर कोण बोलणार?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "आमच्यासाठी तुम्ही शानदारच होत्या. वाचणार तुम्ही होत्या, म्हणून मतलब बी तुमचाच धरला."

दुसरं सन्मानचिन्ह करून आणू का, त्याने विचारलं. मी नको म्हटलं. अर्थ डिक्शनरीतला धरा की माझा, शब्द मला बरोबर बसत होता.