चौथा प्लग

व्हॅन सव्वा लाख किलोमीटर पळाली होती आणि तिचे स्पार्क प्लग एकदाही बदललेले नव्हते. आळसामुळे नाही, भीतीमुळे. बायकोला सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला न्यायचं. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. परतताना तिला बसवत नाही, म्हणून मागची सीट काढून गादी टाकलेली. अशा गाडीच्या इंजिनाला कोणी हात लावायचा म्हटलं की नवरा 'पुढच्या शनिवारी बघू' म्हणायचा.

काल सोमवारी लांब पुलाच्या मधोमध इंजिनाने तीन आचके दिले. मागून ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला. त्याने गाडी सावरली कशीबशी. बायकोला म्हणाला, "रस्ता फार खराब झालाय गं."

आज मंगळवार. गॅरेजच्या वस्तादाने बॉनेट उघडलं आणि आधी घाबरवूनच सोडलं.

"इंजिनावरचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग इतकी वर्षं एकाच जागी. चिकटलेला असला आणि आत तुटला, तर अख्खं हेड उतरवावं लागेल. चार दिवस गाडी विसरा."

"मग उद्या जुन्यावरच जाऊन येतो. शनिवारी करू निवांत."

"गेल्या शनिवारी काय म्हणाला होतात दादा? आणि त्याच्या आधीच्या?"

बाकावर बसलेली बायको म्हणाली, "अहो, काल रस्ता खराब नव्हता. मी आडवी होते, मेले नव्हते."

"अगं, उद्याचं चुकलं तर?"

"आणि पुलावर बंद पडली तर चुकणार नाही? मी डायलिसिसच्या सिस्टरना फोन केला. परवा दुपारी जागा देतील. त्यापुढे मात्र ताणू नका म्हणाल्या."

हे विचारायचीसुद्धा त्याची छाती झाली नव्हती. ॲम्ब्युलन्सला आठवडाभर आधी सांगावं लागतं. परवापर्यंत सवड आहे आणि प्लग तुटला तर चार दिवस. हा हिशेब त्याने मनात तीनदा केला, तिन्ही वेळा दोन दिवस कमी पडले. शेवटी देवाचं नाव घेऊन तो म्हणाला, "काढा."

वस्तादाने प्लगांच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि तासभर कुणाला बॉनेटजवळ फिरकू दिलं नाही. मग पाना लावला. थोडा सैल करायचा, परत आवळायचा, पुन्हा थोडा सैल. पहिला निघाला. दुसऱ्याच्या चिनी मातीला केसाएवढी काळी चीर. "हा बघा चोर! आचके हाच देत होता." तिसरा कुरकुरत आला.

चौथा जरासा हलला आणि अडला. आतून करकर आवाज आला. वस्तादाने पान्यावरून हात काढला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"आता हा निघेल तरी किंवा तुटेल तरी. तुम्ही बोला."

एकदाचं सगळं संपावं, असं नवऱ्याला फार वाटलं. 'काढा' हा शब्द ओठांवर आलासुद्धा. तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. सुया टोचून फुगलेला डावा हात तिने छातीशी धरला होता.

"चोर सापडला ना, वस्ताद?"

"सापडला."

"हा चालतोय?"

"म्हातारा आहे, पण चालतोय."

"मग आवळा परत. राहू दे त्याला."

तीन नवे, एक जुना. गाडी सुरू झाली, एकसारखी चालू लागली. तो दहा मिनिटं कान देऊन उभा राहिला. भीती गेली नव्हती. फक्त चार जागांवरून एका जागी येऊन बसली होती.

"शनिवारी बघायचा का चौथा?" वस्तादाने हात पुसत विचारलं. "तेल मुरलं की सोपा जाईल. नाहीच हलला, तर जोर न करता परत आवळून देईन."

"शनिवारी सकाळी आठला. आणि वस्ताद, मी फोन करून नको म्हणालो, तर उचलूच नका."

"उचलायचा प्रश्नच नाही," बायको गाडीतल्या गादीवर टेकत म्हणाली, "त्या दिवशी यांचा फोन माझ्याकडे असेल."