पात्यांतला यल्लाप्पा

सकाळी नऊलाच कुरणात दोनशेएक माणसं जमली होती. यशवंतपूरच्या बाजारातले हमाल होते, आमच्या डेअरीतले गवळी होते, पोरं कडेवर घेऊन आलेल्या बायका होत्या. सगळ्यांचे डोळे एका ट्रॅक्टरवर.

ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलं होतं. लोखंडी झाकण, त्याखाली आडवी गरगरणारी दोन जाड पाती. इंजिनाची ताकद एका फिरत्या दांड्यातून या पात्यांना मिळते. ड्रायव्हर लोक त्याला पीटीओ म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी याच ट्रॅक्टरखाली आमचा यल्लाप्पा गेला. तो समोरचे दगड वेचत होता. ड्रायव्हर कल्लाप्पा त्याचा गाववाला, दोघं खानापूरकडून एकत्रच आलेले.

आता ट्रॅक्टरजवळ भूत उतरवणारा म्हातारा, सिद्धप्पा अज्ज, उभा होता. कपाळभर भस्म, गळ्यात कवड्या.

"जोड रे पाती!" तो ओरडला.

कल्लाप्पानं नेहमीसारखं इंजिन जोरात केलं आणि क्लचवरचा पाय झटकन उचलला. धाड्! ट्रॅक्टर उसळला, दांड्यातला बोल्ट तुटून गवतात उडाला.

"बघितलंत? यल्लाप्पानं लाथ मारली! डिझेल पितोय, पण त्याची तहान भागत नाही!"

बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. नवा बोल्ट बसवून झाल्यावर अज्जानं आवाज खाली आणला. "आता आत्म्याला झोपवतो. गलबला नको. इंजिन अगदी मंद कर. माझा मंत्र संपेस्तोवर पाय सावकाश, स्वल्प स्वल्प वर आण."

मंत्र लांबलचक होता. पाती हळूहळू फिरू लागली. ना धक्का, ना आवाज. लोकांनी हात जोडले.

मग अज्जानं खरी गोष्ट सांगितली. यल्लाप्पा बायकोला हाका मारतोय. शुक्रवारी गंगव्वानं ओल्या लुगड्यानं चालत्या ट्रॅक्टरसमोर उभं राहायचं. ती खरी पतिव्रता असेल, तर यल्लाप्पा स्वतः ट्रॅक्टर थांबवील, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर.

गंगव्वा बाजूलाच बसली होती. "उभी राहीन की," ती म्हणाली. "कुठं म्हणाल तिथं."

सुपरवायझर हणमंतराव होकाराची मान हलवून निघून गेले. तीन आठवडे एकही माणूस त्या यंत्राला हात लावत नव्हता. त्यांना गवत कापून हवं होतं.

मी तिथला स्टोअर कारकून, जयतीर्थ. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पण मी हसलो नाही, आणि अडवलंही नाही. यल्लाप्पाला उचलणाऱ्या चौघांत मी होतो. तेव्हापासून माझ्या आत काही हलतच नव्हतं. जेवायचो, हजेरी मांडायचो, बसमध्ये बसायचो, एवढंच.

संध्याकाळी राजाजीनगरला घरी आलो. माझी थोरली बहीण वसुमतीअक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती शिवणयंत्रावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

तिचे पाय थांबले. "शुक्रवारी बाईला उभी करणार? आणि तू काय करतोयस?"

"काय करू?"

"अपघाताच्या वेळी नेमकं काय झालं? कल्लाप्पा काय म्हणतो?"

"म्हणतो, क्लच पूर्ण दाबला होता, तरी मागून कुणीतरी ढकलल्यासारखा ट्रॅक्टर पुढं गेला. ब्रेक लागेस्तोवर उशीर झाला. हणमंतराव म्हणतात, खोटं बोलतो, पाय दाबलाच नसणार. बाकीचे म्हणतात भूत."

 अक्कानं पुन्हा शिवणयंत्र चालवलं आणि अचानक जोर द्यायचा थांबली. पाय नुसते पट्टीवर ठेवले. चाक फिरतच राहिलं, आणि पट्टी तिचे पाय वरखाली करत राहिली.

"बघ," ती म्हणाली. "आधी मी चाकाला फिरवत होते. आता चाक मला फिरवतंय. ती पाती केवढी जड आहेत रे?"

"दोघांना उचलावी लागतात."

"मग कल्लाप्पा खरं बोलतोय," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि शुक्रवारी गंगव्वा मरेल."

शुक्रवारी ती रजा टाकून माझ्याबरोबर आली. गर्दी दुप्पट होती. गंगव्वा ओल्या लुगड्यानं उभी होती, थंडीनं कापत होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. कल्लाप्पा सीटवर दगडासारखा बसला होता.

अक्का सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली. "आधी मला एक बघायचंय. मग खुशाल पूजा करा."

"बाईमाणसानं मधे येऊ नये! आत्मा खवळेल!" अज्ज गरजला.

"सरी, बरं. मग तुम्ही या. गंगव्वाच्या जागी तुम्ही उभे राहा. आत्मा तुमचं ऐकतो ना?"

अज्जानं कवड्या चाचपल्या. गर्दीत कुणीतरी खोकलं.

अक्कानं ट्रॅक्टरचा मागचा आस उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवून घेतला, म्हणजे मागची दोन्ही चाकं अधांतरी राहिली, आणि टायरवर खडूनं मोठी फुली काढली. मग म्हणाली, "कल्लाप्पाअण्णा, गिअर टाका, इंजिन मंद करा, पाय सावकाश उचला. आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हणा."

"मला येत न्हाई, अक्का."

"मग मी म्हणते."

सतरा दाहे एकशे सत्तर होईस्तोवर पाती गुपचूप फिरू लागली. एक धक्का नाही. हमाल एकमेकांकडे बघू लागले.

"बघा. धक्का भुताचा नव्हता. जोरात पळणाऱ्या इंजिनाला उभी पाती एकदम जोडली की धक्का बसणारच. बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, बाकीचं यंत्र वाचावं म्हणून. आता इंजिन वाढवा. हं, क्लच दाबा. पूर्ण."

कल्लाप्पानं पाय दाबला. इंजिन चाकांपासून सुटलं. पण खडूची फुली वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी मनात बारापर्यंत मोजलं, तरी चाकं फिरतच होती.

"पाती चाकांना फिरवतायत," अक्का म्हणाली. "याच दांड्यातून, उलट्या बाजूनं. क्लच इंजिनाला सोडवतो, पात्यांना नाही."

मग तिनं दांडा काढायला लावला. पुन्हा इंजिन, पुन्हा क्लच. चाकं जागच्या जागी थांबली.

"दांडा काढला, ढकलणारा गेला. आत्मा काय दांड्यात राहत होता?"

तेवढ्यात मागून एक हमाल ओरडला, "अरे, हा तर हुबळीच्या कापसाच्या जिनिंगमधला सिद्ध्या! चालत्या यंत्राला पट्टे चढवायचा!" म्हणजे सावकाश जोडलं की धक्का बसत नाही, हे अज्जाला ठाऊक होतं. क्लच दाबला की ट्रॅक्टर वीतभर अंतरावर थांबेल, असं तो धरून चालला होता; पाती मागून ढकलतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. तेवढ्या अर्ध्या ज्ञानावर तो एका बाईचा जीव लावायला निघाला होता. लोक वळून बघेस्तोवर तो बांध ओलांडून पसार झाला.

कल्लाप्पा खाली उतरला. "म्हंजे, मी पाय दाबला हुता," तो म्हणाला.

"दाबला होता, अण्णा."

"दाबला हुता," तो पुन्हा म्हणाला. रडला नाही. ओंडक्यावर बसून राहिला आणि उजव्या हातानं डावा गुडघा दाबत राहिला.

गंगव्वा अक्काजवळ आली. "मग त्यांनी मला बलावलं न्हवतं?"

 "नाही, गंगव्वा. कुणी बोलावलं नव्हतं."

"बरं," गंगव्वा म्हणाली, आणि लुगडं बदलायला खोलीकडे गेली.

महिन्याभरानं दांड्याला एकाच दिशेनं ताकद नेणारी जोडणी आली, सायकलच्या मागच्या चाकात असते तशी. पायडल थांबवलं तरी चाक फिरतं, पण पायाला ओढत नाही. ती जोडणी आधी असती तर यल्लाप्पा वाचला असता. हे मी हणमंतरावांना सांगितलं, लेखीही दिलं.

वाचकहो, त्या तीन आठवड्यांत कल्लाप्पा प्रत्येकाला खरं तेच सांगत होता: पाय दाबला होता, तरी गाडी गेली. निम्म्यांनी त्याला खोटा ठरवला, निम्म्यांनी भूत शोधलं, आणि मी, ज्याला भूत मान्य नव्हतं, नुसता गप्प बसलो. असं का झालं, हे कुणीच विचारलं नाही. भुतावर विश्वास नसणं पुरत नाही. जवळ जावं, झाकण उघडावं, आणि जो सांगतोय त्याचं आधी नीट ऐकावं.