चौकटीवरची खूण आणि मी

मी एक जुनं जनुक आहे, मित्रांनो. उंची वाढवणारं हार्मोन कसं घडवायचं, ते माझ्यात लिहिलेलं आहे. शिरूर कासारच्या वत्सलाबाईंकडून मी त्यांच्या मुलाकडे, बजरंगकडे आलो आणि त्याच्याकडून अकरा वर्षांच्या तेजश्रीकडे.

तिच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मी आहे. पण मला उघडतात ते मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत. बाकी सगळीकडे मी कुलपात. माझी चार भावंडं आईच्या वारेत राबली; वार पडली आणि त्यांचं काम संपलं. मला मात्र मेंदूकडून 'घडव' असा निरोप येतो, 'थांब' असाही येतो. गाढ झोपेत पहिला निरोप जोरात असतो. मी हुकमाचा ताबेदार आहे, आळशी नाही!

ऊसतोडीला निघण्याआधी बजरंग दरवर्षी चौकटीला पोरीची पाठ लावून हळदीच्या बोटाने उंचीची खूण करी. गेल्या दसऱ्याला खूण जागची हलली नव्हती. वत्सलाबाई सुनेवर उखडल्या.

"मंगल, कोपीत निजलेल्या पोरीला वलांडून जातीस तू. म्हनून वाढ खुंटली."

उसाच्या फडाजवळच्या त्या झोपडीत माणसं दाटीनं निजत आणि पहाटे तीनला एकमेकांना ओलांडूनच उठत. मंगल निघायचं बोचकं बांधत राहिली. मला मात्र संताप आला. हे पाप तिच्या माथी का?

सगळे तिला घेऊन बीडच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ग्रंथीला चाळवणारं औषध देऊन तेजश्रीचं रक्त तपासलं. ग्रंथीनं भरपूर हार्मोन ओतलं. माझीच मेहनत ती!

"ग्रंथी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "तिला पुरेशी झोप आणि पोटभर जेवण द्या. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

"मंग तिच्या धाकट्या भावाला फडात कोन संभाळंल?" बजरंग कुरकुरला. "तिला न्यावंच लागंल."

"न्हाई!" मंगल पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "चूल पेटवायला तीनला मीच उठवीत व्हते तिला. वलांडल्यानं काय व्हतंय? झोपू दिलं न्हाई, ते नडलं. धाकट्याला मी बगंन. आत्याबाई, पोरगी तुमच्यापाशी ऱ्हाईल."

तेजश्री राहिली. रोज शाळा, दोन वेळा भाकरी-वरण, आणि उजाडेपर्यंत झोप. तिला कुणी उठवायला आलं, तर वत्सलाबाईच अंगावर धावून जात. मी जीव ओतून काम केलं.

गुढीपाडव्याच्या सुमारास फडावरची माणसं परतली. वत्सलाबाईंनी हळदीची वाटी बजरंगला दिली नाही, सुनेपुढे धरली.

"तू कर खूण. माजंच चुकलं, बाई."

खूण दोन बोटं वर गेली.

मित्रांनो, मूल ठेंगणं राहिलं तर त्याला दवाखान्यात न्या, पोटभर खाऊ घाला, झोपू द्या. आणि त्याच्या आईला गुन्हेगार ठरवायचं असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे.