टोचणारीला बाहेर काढा

भुरीच्या शेपटीपाशी पुन्हा रक्त दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या मागच्या अंगणात थोड्या कोंबड्या आहेत, त्यांत भुरी सगळ्यांत खालची. कोंबड्यांत वरची-खालची असतेच. आधी कुणी खायचं, वरच्या दांडीवर कुणी बसायचं, हे त्या चोचीनं ठरवतात आणि एकदा ठरलं की गप्प राहतात. एखादी टोच मी मनावर घेत नाही. पण आमची जमादारीण, ती काळी, मोठ्या तुऱ्याची, भुरीला दाण्याजवळ काय, पाण्याजवळही फिरकू देत नव्हती.

मी लेकीकडे गेले होते, तेवढ्यात माझ्या मुलाला दया आली. त्यानं भुरीला उचललं, न्हाणीमागच्या जाळीच्या खोक्यात आठवडाभर ठेवलं आणि जखम सुकल्यावर परत सोडलं. झालं! इतके दिवस दिसली नाही की बाकीच्यांच्या लेखी ती परकी. आता एकटी जमादारीण नाही, सगळ्याच तिच्यावर तुटून पडत होत्या.

"हिला बाहेर काढायला तुला सांगितलं कुणी?"

"अगं आई, मार तीच खात होती ना?"

"म्हणून कोंडायचंही तिलाच? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"फाशी कसली? तिकडे चांगली आयतं खात होती."

सूनबाई दारातूनच म्हणाली, "रोजची कटकट नको, आई. शेजारचे काका मागतायत, उद्या देऊन टाकू."

शेजारचे काका कोंबड्या पाळत नाहीत, शिजवतात. हे तिलाही माहीत होतं.

आयतं खाईल. आमचे वडील, दादा, तेही हेच म्हणाले होते. माझी धाकटी बहीण जरा बोबडी. मोठा चुलतभाऊ तिच्या पाठीत बुक्के घालायचा, ताटातलं ओढून घ्यायचा. एक दिवस दादांनी तिचे फ्रॉक पिशवीत भरले आणि तिला मावशीकडे धाडलं. "घरात भांडण नको. तिकडे चांगलं आयतं खाईल." खिडकीजवळची तिची झोपायची जागा त्याच रात्री त्या भावानं घेतली. दोन वर्षांनी ती परत आली, तर तिचं अंथरूण कुठे घालायचं यावरच वाद. आधी तिची बाजू घेणारी भावंडंही तिला 'पाहुणीबाई, कधी जाणार?' म्हणून चिडवू लागली. महिन्याभरात तिनं स्वतःच पिशवी भरली. लग्नही मावशीच्याच दारातून झालं. त्या भावाला मात्र कुणी घराबाहेर उभंसुद्धा केलं नाही. इतकी वर्षं झाली, दादाही गेले, तरी आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी पदर खोचला आणि अंगणात उतरले. जमादारीण माझ्या मनगटाचा लचका तोडायला निघाली होती, पण तिला काखेत दाबली आणि त्याच खोक्यात टाकली.

"आई, रोज न चुकता अंडं देणारी तीच आहे! कोंडलं तर बंद करेल."

"करू दे. अंडं देते म्हणून दुसरीची पिसं उपटायची का? तुझा तो चुलतमामाही वर्गात पहिला यायचा."

भुरीची जखम धुतली, वर जांभळं औषध लावलं. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या सोडत नाहीत. दाण्याचं दुसरं भांडं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मध्ये फळी उभी केली, म्हणजे एकीकडून दुसरीकडचं दिसायला नको. कोबीचा एक गड्डा दोरीनं टांगला, चोचींना काम हवं.

सकाळी काका पिशवी घेऊन हजर.

"वहिनी, ती मरतुकडी देताय ना?"

"ती खाऊनपिऊन सुखी आहे. तुम्ही आपली पिशवी घ्या आणि बाजार गाठा."

काही दिवसांनी जमादारणीला सोडलं. वरच्या दांडीवर तोवर पांढरी बसली होती. तिनं दोन टोचा दिल्या आणि जमादारीण मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहिली. मुलगा खूश. "जिंकलीस, आई!"

कसली जिंकले? दुपारी पाहते तर पांढरी फळीला वळसा घालून गेली होती आणि भुरीच्या त्याच जखमेवर चोच मारत होती. कालपर्यंत जमादारणीपुढे कशी गरीब गाय होती! मी धावले, तिचे पंख धरले आणि तशीच उचलली.

"आई, अशानं किती जणींना कोंडणार तू?"

"टोचतील तितक्या. उभा काय राहिलास? खोकं उघड."

तो हसायला लागला होता. माझ्याकडे पाहून थांबला. मग खाली वाकला आणि त्यानं खोक्याची कडी काढली.