तिसरा चेंडू

आईने श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राची नळी ओठांत धरून श्वास ओढला. त्यातल्या तीन चेंडूंपैकी पहिला जेमतेम वर उचलला गेला, थरथरला आणि पुन्हा खाली बसला.

"दुखतंय गं," आई कण्हली.

"राहू दे मग. पड जरा."

लेकीने यंत्र बाजूला ठेवले, आईच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले आणि खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर अकराच्या रकान्यात बरोबरची खूण केली. दर तासाला दहा श्वास आणि खोकला, असे फिजिओने बजावले होते. कालचा दिवसही तिने असाच भरला होता.

संध्याकाळी कामावरून वहिनी आली की चित्र पालटायचे. पर्स खांद्यावरून उतरायच्या आधी तिच्या हातात उशी असायची. "आई, टाक्यांवर घट्ट दाबून धरा. हं, खोका आता." आणि आई निमूट खोकायची. तिसरा चेंडूसुद्धा वर जायचा. सासू-सुनेचे असे गूळपीठ पाहून साऱ्या वॉर्डाला कौतुक. ऑपरेशन आईच्या पोटाचे, पण दुखायचे लेकीच्या पोटात. पोटची पोर दिवसभर उशाशी बसते आणि ऐकायचे मात्र सुनेचे! तिला वहिनीचा मत्सर वाटत होता, अगदी सरळसरळ.

दुपारी डॉक्टरांनी आईच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावला आणि एकाच जागी बराच वेळ ठेवला.

"उजवीकडे खाली हवा पोचत नाहीये. तापही आहे. कफ साठून राहिला तर न्यूमोनिया होईल." त्यांनी तक्ता पाहिला. "व्यायाम तर नीट चाललेला दिसतोय."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळताच लेकीने उशी उचलली.

"आई, खोक."

"नको गं बाळा. टाके तुटतील."

"वहिनीसमोर बरी खोकतेस!"

चार दिवस घशाशी अडलेले अखेर बाहेर पडले. आई टाके सांभाळत हसली.

"तिच्यासमोर रडता येतं का मला? ती काय म्हणेल? तू माझी आहेस. तुझ्यापुढे लाड करून घेते."

हेच ऐकायला ती चार दिवस आसुसली होती. आता ऐकले, तर तिला रडू आले.

तिने पेन घेतले आणि आपल्या खुणा एकेक करून खोडल्या. तक्ता घेऊन नर्सकडे गेली.

"हे मी खोटंच भरलं होतं. डॉक्टरांना सांगा."

मग तिने फोन लावला. "वहिनी, सुट्टी काढून आत्ता येशील? मला नाही जमत."

वहिनी धापा टाकतच आली. लेकीने उशी तिच्या हातात दिली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. आईची खाट दाराशीच होती आणि दार अर्धवट उघडे होते.

"गेली का ती?" आईचा आवाज आला.

"हो, बाहेर बसल्यात."

"मग दे ती उशी."

आतून पहिला खोकला आला. लेकीने बाकाची कड घट्ट धरली आणि मोजायला सुरुवात केली.